आमच्या मुलांना फसलेला प्रयोग विचारा

प्रति,
मॉलिक्युलर बायोलॉजीच्या पीएच.डी.साठी विद्यार्थी निवडणाऱ्या देशभरातल्या मुलाखत समित्यांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या एम.एस्सी.च्या वर्गातून नेट-जेआरएफ झालेली, म्हणजे नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तुमच्या संस्थांच्या मुलाखतीपर्यंत पोचलेली त्याहून कमी. त्यांतल्या प्रत्येकाचा फॉर्म माझ्यासमोर भरला गेला आहे, आणि प्रत्येकाला सोडायला मी एसटी स्टँडवर गेले आहे. तेव्हा हे ऐकीव लिहीत नाही.

यंदा आमची एक मुलगी तुमच्यापैकी एका समितीसमोर बसून परत आली. संस्थेचं नाव मी लिहिणार नाही, कारण तिची जागा परत मागण्यासाठी हे पत्र नाही. पुढच्या खेपेला अशी मुलं समोर आली तर त्यांना काय विचारावं, एवढंच सांगायचं आहे. पण आधी ती काय करून आली होती ते ऐका.

तिच्या वडिलांची तीन एकर कोरडवाहू. तूर आणि सोयाबीन. तुरीच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांतला जिवाणू वेगळा काढायचा आणि तो नेमका कोण ते ओळखायचं, हा तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प. वेगळा काढणं जमलं. ओळखायचं तर त्याच्या सोळा-एस आरआरएनएच्या जनुकाच्या प्रती काढायला हव्यात, म्हणजे पीसीआर आला, नळीत डीएनएच्या प्रती वाढवत नेण्याचं तंत्र, आणि आमच्याकडे पीसीआरचं मशीन नाही. जिथे आहे तिथे आठवडाभर राहायचं तर मुलीच्या राहण्याची सोय नव्हती. मी बोलता बोलता तिला म्हटलं, की १९८३मध्ये कॅरी मुलिस यांना ही कल्पना सुचली तेव्हा आजच्यासारखं मशीन कुठे होतं, लोक हातानेच नळ्या एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात हलवायचे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी येऊन दारात उभी होती, हातात कागद, कागदावर तीन चौकोन काढलेले, पाण्याच्या तीन तापमानांचे: ९४, ५५, ७२ अंश.

दोन वॉटर बाथ आमच्याकडे होते. तिसरा म्हणजे हॉट प्लेटवर ठेवलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं, ९४ अंशांसाठी. पीसीआरच्या छोट्या नळ्या नव्हत्या, म्हणून दीड मिलिलिटरच्या साध्या नळ्या घेतल्या. आतला द्रव उडून जाऊ नये म्हणून वर खनिज तेलाचा थेंब. थर्माकोलच्या तुकड्याला भोकं पाडून नळ्या त्यात खोचल्या आणि तो तराफा चिमट्याने उचलून एका पाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं तीस वेळा. तिची मैत्रीण मोबाइलवर वेळ लावून बसली होती आणि प्रत्येक फेरीला वहीत एक रेघ मारत होती, पाच-पाचच्या जुड्या करून. जवळजवळ अडीच तास गेले. मग डीएनए आला का ते बघायला जेल लावलं. यूव्हीखाली मापासाठी लावलेली मार्करची शिडी तेवढी उजळली, बाकी जेल कोरं.

दोन दिवसांनी पुन्हा केलं. पुन्हा कोरं, तुलनेसाठी ओळखीचा डीएनए घातलेली कंट्रोलची नळीसुद्धा. मधे गावातली डीपी जळाली होती आणि आमचा डीप फ्रीझर दीड दिवस बंद होता, त्यामुळे मला वाटलं प्रायमर गेले, म्हणजे प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे. नवे मागवू या, मी म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, कंट्रोलची नळीपण कोरी आहे, म्हणजे माझ्या जिवाणूत दोष नाही. प्रायमर यायला आठ दिवस लागतील. त्याआधी एक बघू का? आपण पाण्याचं तापमान मोजतोय. नळीच्या आतलं कुठे मोजलंय?"

तिने तशाच एका नळीत पाणी घेतलं, वर तेल घातलं, थर्मामीटरचं टोक आत बुडवलं आणि नळी पातेल्यात धरली. मिनिटभराने आत ८६ होतं. बाहेर ९४, आत ८६. डीएनएचे दोन धागे एकमेकांपासून सुटायला हवेत तेवढी नळी तापतच नव्हती. तिने पातेल्यावर झाकण आणलं, तिथली वेळ एका मिनिटाची दोन मिनिटं केली आणि तिसऱ्यांदा तीस फेऱ्या मारल्या. दीड हजार बेस-जोड्यांच्या आसपास, म्हणजे हव्या त्या लांबीचा, एक पट्टा आला. पुसट होता, पण आला.

बावीस वर्षांत माझ्या लॅबमध्ये झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. मी हे विद्यार्थिनीच्या कौतुकाने म्हणत नाही. मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं, आणि सुचलेलं तिने तपासून पाहिलं. संशोधन म्हणजे याहून वेगळं काही असेल तर मला ते माहीत नाही.

आता मुलाखत. पहिला प्रश्न आला: थर्मल सायक्लर (म्हणजे पीसीआरचं मशीन) कोणता वापरलात? ती म्हणाली, आमच्याकडे नाही. रिअल-टाइम पीसीआर केलंय? नाही. वेस्टर्न ब्लॉट? नाही. सेल कल्चर? नाही. एखादा पेपर? नाही. मग क्रिस्परवर, म्हणजे जनुकांत नेमका बदल करण्याच्या तंत्रावर, एक प्रश्न आला. तो तिला मराठीत येत होता, इंग्रजीत सांगताना ती मधेच अडली, सावरली, पुन्हा अडली. समितीतल्या एका सरांनी थँक यू म्हटलं. पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

परत आल्यावर ती स्टाफरूममध्ये येऊन बसली, मांडीवर फाइल. मी विचारलं, "अगं, पातेल्याचं सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही, मॅडम. आणि मी सांगणार होते, पण पातेल्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना. लाज वाटली."

त्या लाजेने मी हे पत्र लिहायला बसले. त्यात माझाही वाटा आहे. तिला प्रयोग करू दिला, पण केलेला प्रयोग अनोळखी माणसांसमोर कसा मांडायचा, ते मी शिकवायला हवं होतं. यावर्षीपासून आम्ही दर शनिवारी एकाला फळ्यासमोर उभं करतो आणि बाकीचे प्रश्न विचारतात. माझ्या बाजूने जे करता येईल ते मी करते आहे. तुमच्या बाजूचं मात्र तुम्हालाच करावं लागेल.

ही मुलं तुमच्या दारापर्यंत कशी येतात तेही जाणून घ्या. लाइफ सायन्सेसची सीएसआयआर नेट म्हणजे तीन तास, २०० गुण, १४५ प्रश्न, त्यांतले ७५ सोडवायचे, चुकलं की पाव हिस्सा वजा. त्यातही निम्मे गुण क विभागाच्या २५ प्रश्नांवर, आणि तिथे पाठांतर चालत नाही, विचार करावा लागतो. आमच्या मुलांसाठी क्लास नाही. मोबाइलवरच्या व्याख्यानांवर आणि सीनियरच्या नोट्सच्या झेरॉक्सवर अभ्यास होतो. २०२४च्या बॅचची परीक्षा २५ जूनपासून होती. ती पुढे ढकलल्याचं २१ जूनला कळलं. तोवर मुलांनी परीक्षेच्या शहरात राहण्याची सोय केलेली होती, कुणी शेतातली पेरणी भावावर टाकून निघण्याच्या तयारीत होतं. परीक्षा झाली जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मुलांनी पुन्हा सगळं जमवलं आणि जाऊन दिली.

तरीही लेखी परीक्षेबद्दल मला आज तक्रार करायची नाही. तिथे पेपर सगळ्यांना सारखाच असतो आणि लॅबमध्ये काय आहे, काय नाही, ते कुणी विचारत नाही. फरक मुलाखतीत पडतो. यूजीसीने २०२४मध्ये नेटच्या गुणांवर विद्यापीठांत पीएच.डी.ला प्रवेश खुला केला, तेव्हा जेआरएफ न मिळालेल्यांसाठी लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन ठेवलं. तुमच्यासारख्या बऱ्याच संशोधन संस्थांत लेखी परीक्षा बोलावण्यापुरती असते, आणि पुढचं जवळजवळ सगळं टेबलाशी ठरतं. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. संशोधन कोण करू शकेल ते समोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही, हे मलाही पटतं. पण मग त्या पंधरा-वीस मिनिटांवर केवढा भार आहे, तेही पटायला हवं.

आणि तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. आठवडाभर रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक मुलं, प्रत्येकाच्या फाइलमध्ये तीच प्रमाणपत्रं. अशा वेळी कोणती यंत्रं हाताळली, असं विचारणं सोपं जातं. हो किंवा नाही, एवढ्यात उत्तर मिळतं. पण त्या उत्तरातून मुलगी कोणत्या गावात जन्मली एवढंच कळतं. कॉन्फोकल मायक्रोस्कोप वापरला आहे, याचा अर्थ तिच्या कॉलेजला कॉन्फोकल होता. वेस्टर्न ब्लॉट तुमच्याकडे आल्यावर ती दोन आठवड्यांत शिकेल, तुम्हीच शिकवाल. नळीच्या आतलं तापमान मोजायला हवं, हे सुचणं मात्र दोन आठवड्यांत शिकवता येत नाही.

निवड करणाऱ्यांच्या हातून चूक कशी होते, हे आपल्याकडे फार मोठ्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पाहून पुढचं ठरवू. वर्षभराने त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. १९३९मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं.

ही गोष्ट आमच्याकडे मुलींना नेहमी कमलाबाईंच्या जिद्दीची म्हणून सांगतात, मीही सांगते. तुम्हाला ती दुसऱ्या बाजूने सांगावीशी वाटते. रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला समोर कोण उभं आहे ते पहिल्या भेटीत दिसलं नाही, आणि ते दिसायला वर्षभराचं काम बघावं लागलं. ते वर्ष मिळालं कारण कमलाबाई दारातून हलल्या नाहीत. माझी विद्यार्थिनी दारात उभी राहिली नाही. तिने फाइल आवरली, सगळ्यांना थँक यू म्हटलं आणि रात्रीची गाडी पकडली, कारण दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामाचे पैसे तिच्याकडे नव्हते. जिच्यात हट्ट धरायचं बळ आहे तिलाच न्याय मिळावा, अशी व्यवस्था आपल्याला ठेवायची आहे का?

उलट उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. भारतातल्या मॉलिक्युलर बायोलॉजीच्या पहिल्या काही केंद्रांपैकी एक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं, १९६२मध्ये सुरू झालं ते ओबेद सिद्दिकी यांच्यावर विश्वास टाकून. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी त्यांच्यासाठी होमी भाभांना लिहिलं आणि भाभांनी या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून घेतलं. एका भौतिकशास्त्रज्ञाचा दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला निरोप, आणि त्यावर जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. बंगळूरचं एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, तेही पुढे त्याच वाटेने आलं. आज तुमच्यापैकी कितीतरी जण त्या परंपरेत वाढलेले आहात. माणूस पाहून निर्णय घेता येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माणूस पाहायचा तर शिफारसपत्र असतं ना, असं कुणी म्हणेल. मी तेही भरलं आहे. ऑनलाइन फॉर्मने माझा संस्थेचा अधिकृत ईमेल मागितला. आमच्या कॉलेजमध्ये शिक्षकांना तसा ईमेल नाही, सगळे जीमेल वापरतो. फॉर्म जीमेल घेईना. शेवटी प्राचार्यांच्या लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवलं. ते कुणी उघडून पाहिलं का, मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या एका फॉर्ममध्ये विचारलं होतं, आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही मुलगी वरच्या पाच टक्क्यांत येते की दहा? माझ्या वर्गात चौदा मुलं आहेत. मी पाचवर खूण केली आणि पुढच्या चौकटीत पातेल्याबद्दल लिहू लागले, तर शब्दमर्यादा संपली. नावाजलेल्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या माणसाचं दोन ओळींचं पत्र तुमच्यापर्यंत पोचतं. माझं पोचत नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहावं लागतंय.

पैशांचंही एकदा बोलते. जेआरएफचे महिना ३७,००० रुपये झाले, १ जानेवारी २०२३पासून. शहरातल्या मुलाला ही रक्कम कमी वाटत असेल. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांच्या हातात याहून कितीतरी कमी पडतं, आणि तेही वेळेवर नाही. मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकलायला वडील तयार होतात ते या आकड्यामुळे, हे मी घराघरांत बसून पाहिलं आहे. पण त्या आकड्यापर्यंत जायला आधी मुलाखतीला यावं लागतं. बोलावणं दहा दिवस आधी येतं, रिझर्व्हेशन मिळत नाही, तत्काळचं तिकीट काढायचं, अनोळखी शहरात एक रात्र काढायची, बरोबर भाऊ किंवा वडील. गाडीभाडं तुम्ही नंतर देता, ते चांगलंच आहे. पण खिशातून आधी जातं. बोलावण्याबरोबरच भाडं खात्यावर आलं आणि आदल्या रात्री वसतिगृहाची एक खोली मिळाली, तर दोन-चार मुलं तरी जास्त पोचतील.

आणि नाकारल्यावर का नाकारलं ते कळवा. दोन ओळी पुरेत. यादीत नंबर नाही एवढंच कळलं, की मुलं ठरवून टाकतात, आपलं इंग्रजी वाईट म्हणून. मग एक वर्ष स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातं. कधी कारण वेगळंच असतं, एखादी संकल्पना कच्ची असते, ती दोन महिन्यांत पक्की झाली असती.

पण या सगळ्यातलं एकच करायचं ठरवलंत तरी चालेल. मुलाखतीची पहिली पाच मिनिटं प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारा: तुमचा एखादा प्रयोग फसला होता का, आणि तो का फसला ते तुम्ही कसं शोधलंत? हातात खडू द्या. फळ्यावर काढून सांगू द्या, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, मिसळून, जसं येईल तसं. समितीत ती भाषा जाणणारं कुणी ना कुणी असतंच. ज्याने स्वतःच्या हाताने काही केलं आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर असतं. ज्याने कुणीतरी मांडून ठेवलेल्या प्रयोगात फक्त पिपेट धरलं त्याला ते सुचत नाही, मग त्याच्या लॅबमध्ये कितीही यंत्रं असोत. तुम्हाला निवड करायलाही हे सोपं जाईल.

असं होऊ शकतं हे मला ठाऊक आहे, कारण एकदा झालं आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी अशाच एका मुलाखतीला गेला. समितीतल्या मॅडमनी त्याला एक आलेख दिला, अर्धा तास दिला आणि म्हणाल्या, यात काय खटकतंय ते सांग, घाई नाही. त्याची निवड झाली नाही. तरी परत आला तो उजळलेल्या चेहऱ्याने, आणि तो आलेख त्याने आमच्या फळ्यावर जसाच्या तसा काढला. आज तो दुसऱ्या एका संस्थेत पीएच.डी. करतो आहे. त्या मॅडमना हे पत्र मिळालं, तर त्यांना माझा वेगळा नमस्कार.

आमची मुलगी पुन्हा फॉर्म भरते आहे. डिसेंबरमध्ये टाटा संस्थेची जगीबिल्स ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देईल, नेटचे गुण हाताशी आहेतच. पुढच्या वर्षी ती तुमच्यापैकी कुणाच्या तरी समोर बसेल. फाइलमध्ये जेलचे तीन फोटो असतील, जर्नलच्या कागदावर डिंकाने चिकटवलेले, खाली पेनाने तारीख घातलेली. पहिले दोन कोरे आहेत. ते दाखव म्हणा.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका
जिल्हा बीड